पाणथळ जागांसाठी राज्याचा स्वतःचा कायदा हवा

महोदय,
उरण-पनवेलकडच्या पाणथळ जागांवर भराव पडल्याच्या बातम्या मी इथे न्यू जर्सीत वाचतो, तेव्हा जीव तुटतो. राज्य केंद्राकडे बोट दाखवतं, केंद्र राज्याकडे. या दोघांमधली वाटणी इथे कशी चालते, ते मी माझ्या परसातच पाहिलं, म्हणून हे पत्र.

घरामागे एक खोली बांधायची होती. पलीकडे ओहोळ आणि झाडी. पाहणीला आलेल्या बाईंनी गिरमिटानं माती वर काढली. वर काळी, खाली राखाडी, त्यात गंजासारखे तांबूस ठिपके. ‘इथे वर्षातले बरेच दिवस पाणी मुरून असतं,’ असं सांगून त्या पाणथळीच्या हद्दीवर गुलाबी फितींच्या काठ्या रोवत गेल्या. वरून जागा ठणठणीत कोरडी! फितीपासून पन्नास फूट मोकळे सोडायचे म्हणून खोली अलीकडे घ्यावी लागली. तेव्हा चिडलो होतो. आता वाटतं, झालं ते योग्यच झालं.

अमेरिकेत 1972च्या ‘क्लीन वॉटर अ‍ॅक्ट’च्या कलम 404नुसार भरावाचा परवाना लष्कराचं इंजिनीअर दल देतं आणि ‘ईपीए’ हे केंद्राचं पर्यावरण खातं तो रोखू शकतं. 1977पासून राज्यांना हे काम स्वतःकडे घेता येतं, पण राज्याचे नियम केंद्राहून सैल असून चालत नाहीत. मिशिगननं 1984 मध्ये आणि न्यू जर्सीनं 1994 मध्ये ते घेतलं. भरती-ओहोटीचं पाणी आणि त्याला लागून असलेल्या पाणथळी मात्र लष्करी दलाकडेच राहिल्या. मोठ्या भरावाच्या अर्जांवर ईपीए आजही हरकत घेऊ शकतं. फ्लोरिडानं 2020 मध्ये हे काम घेतलं, पण त्याला मंजुरी देताना दुर्मीळ प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा पाळला गेला नाही म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायालयानं ती मंजुरीच रद्द केली.

उलटंही घडतं. मे 2023 मध्ये ‘सॅकेट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं केंद्राचा अधिकार आखडला. ज्या पाणथळीचं पाणी नदी-तलावाला वरून सलग जोडलेलं नाही, तिला केंद्राचं संरक्षण उरलं नाही. आमच्या इथल्या रानात वसंतात भरणारी आणि उन्हाळ्यात आटणारी डबकी असतात, बेडूक त्यांत अंडी घालतात. ती आज सुरक्षित आहेत ती न्यू जर्सीनं 1987 मध्येच स्वतःचा कायदा केला म्हणून.

आपल्याकडे 2010च्या नियमांत केंद्रीय प्राधिकरण होतं. 2017च्या नियमांनी कारभार राज्यांच्या प्राधिकरणांकडे गेला आणि केंद्राची समिती मुख्यतः सल्ल्यापुरती उरली. शिवाय मीठ पिकवण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसानं केलेले पाणसाठे व्याख्येतूनच वगळले. म्हणजे जिथे पाखरं उतरतात अशी कितीतरी जुनी मिठागरं या नियमांच्या बाहेर!

केंद्राला सल्ल्याऐवजी हरकतीचा अधिकार मिळायला हवा, ती मागणी दिल्लीकडे. पण महाराष्ट्रानं तेवढं थांबू नये. विधिमंडळानं राज्याचा स्वतःचा पाणथळ कायदा करावा, त्यात मिठागरं घ्यावीत आणि काठापासून किती फूट मोकळे सोडायचे ते आकड्यात लिहावं.

एक मराठी वाचक, न्यू जर्सी