बचतीचे उपदेश पुरे, आधी महिना काढायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुणांनी बचत करावी म्हणून आपल्या पेपरात अधूनमधून लेख येतात, मी ते सगळे वाचतो आणि घरी पोरीलाही वाचायला देतो, ती वाचत नाही तो भाग वेगळा. पण एक गोष्ट खटकते. जो तो थेट बचतीवर नाहीतर शेअरवर उडी मारतो, हातात आलेला पैसा ३० दिवस पुरवायचा कसा हे कोणी सांगतच नाही.

मी एका ऑफिसात पगाराचं काम बघतो, बरीच वर्षं झाली. २० तारीख आली की ॲडव्हान्सचे अर्ज सुरू होतात आणि त्यात संसारी माणसं कमी, नुकतेच लागलेले सडेफटिंगच जास्त. मागे एकाला शेजारी बसवलं, म्हटलं देतो ॲडव्हान्स पण आधी मोबाइलमधला महिन्याभराचा हिशोब दाखव. मोठा खर्च असा काही नव्हताच हो, नुसतं स्कॅन केलं दिलं, स्कॅन केलं दिलं, बोट दुखेपर्यंत खाली सरकवत होतो मी. त्यात तीन ॲपचे पैसे दर महिन्याला आपोआप कापले जात होते, एक तर फुकट ट्रायल म्हणून घेतलेलं आणि फोनमधून कधीच काढून टाकलेलं. ॲप उडवलं म्हणजे पैसे कापायचे थांबत नाहीत, सबस्क्रिप्शन वेगळं कॅन्सल करावं लागतं, हे त्याला तिथे बसून कळलं. इंजिनिअर होता तो. आणि नोकरी लागताना कंपनीने सांगितलेला मोठा आकडा डोक्यात धरून खोलीचं भाडं नि गाडीचा हप्ता ठरवून बसलेला, कर आणि बाकी कपात जाऊन हातात किती पडणार हे पहिल्या पगाराच्या दिवशी बघितलं. पगाराची स्लिप कशी वाचायची हे कॉलेजात एका तासात सांगून होतं, पण नाही सांगत.

शाळेत काहीच शिकवत नाहीत असंही नाही. चक्रवाढ व्याजाचं सूत्र आपण सगळ्यांनीच घोकलंय, पण मार्कांपुरतं. क्रेडिट कार्डाला महिन्याला ३ टक्के व्याज म्हटलं की पोरांना ते चिल्लर वाटतं, जरा हुशार असेल तो १२ ने गुणून ३६ म्हणतो, पण व्याजावर व्याज धरलं की वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. आणि ते ‘किमान देय रक्कम’ प्रकरण! समजा दर महिन्याला बाकीच्या ५ टक्केच भरले, वर ३ टक्के व्याज चालू, तर एकही नवी खरेदी न करता कर्ज निम्म्यावर यायला जवळपास ३२ महिने लागतात. हे गणित दहावीच्या पोराला फळ्यावर करायला लावा, बघा चेहरा. ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या पिसा नावाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत २०१२ पासून १५ वर्षांच्या मुलांची पैशाची समज वेगळी तपासायला लागलेत, म्हणजे हे वय काही लहान नाही.

तो ५०-३०-२० चा नियम सगळीकडे फिरत असतो, निम्मे गरजेला, ३० टक्के हौसेला, २० टक्के बचत आणि कर्जफेडीला. वाईट नाही, पण ज्याचा निम्मा पगार भाड्यातच जातो त्याने काय करायचं? मला विचाराल तर आधी महिनाभर नुसतं लिहून काढा, टक्के नंतर बघू.

आमच्या घरी पोरगी १५ ची झाली तेव्हा रोजचे सुटे पैसे बंद केले आणि १ तारखेला महिन्याचे एकदम हातात द्यायला लागलो. जाण्यायेण्याचं, मोबाइल रिचार्ज, वह्यापेनं, मैत्रिणींचे वाढदिवस, सगळं त्यातच. पहिल्या महिन्यात ११ तारखेलाच खडखडाट. बायको म्हणाली दे रे आता, मी नाही दिले, आठ दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही. नंतरचे दोन महिने सुरळीत गेले, मी आपला खूश. मग तिची वही हातात पडली, तीन रकाने आखलेले, ठरवलं, झालं, फरक, आणि दोन्ही महिन्यांत फरकाच्या रकान्यात बारीक अक्षरात ‘आजी’. घ्या! आजीला समजावणं हेच सगळ्यात अवघड काम निघालं.

पण वही चालू राहिली. पुढे तिचं तिलाच कळलं की घोळ रोजच्या खर्चात नसतो, वर्षातून एकदा उगवणाऱ्या खर्चात असतो, परीक्षेची फी, सहल, चष्मा बदलणं. आता ती असे खर्च १२ ने भागून दर महिन्याला आधीच बाजूला काढते. हे मी शिकवलेलं नाही. मला स्वतःला तिशी उलटल्यावर सुचलं होतं, तेही विम्याचा हप्ता चुकल्यावर.

तर विनंती अशी की दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पुरवणीत असा तीन रकान्यांचा कोरा तक्ता छापा, पोरं कापून भिंतीला चिकटवतील. जागेची अडचण असेल तर राशिभविष्य त्या दिवशी थोडं आखडतं घ्या, तसंही त्यात दर आठवड्याला धनलाभच असतो.

आपला,
एक नियमित वाचक