रात्रपाळीवरच्या लेकीला

चि. छकुलीस,

सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, मला आता प्रार्थना करवत नाही," आणि मी लगेच उपदेशाला लागलो. ड्यूटीची वेळ झाली म्हणून तू फोन ठेवलास. ड्यूटी रात्री आठची, तेव्हा वाजले होते साडेपाच. राग नाही, पण बोलणं अर्धं राहिलं म्हणून लिहितोय. आधी एक सांग, तुझी रूममेट गावाहून आली का? आली नसेल तर हडपसरला काकूकडे जा.

तुझ्या वॉर्डातलं ते बाळ का गेलं हे मी सांगायला बसलो नाही, कारण मला ते माहीत नाही. मयतीला लोक म्हणतात ना, देवाला फूल आवडलं म्हणून खुडलं, ते मला कधीच पटलं नाही. असा कसला देव? बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं गेली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ठीक होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावरच. त्याच्याशी उभा दावा मांडणारा ईयोब मात्र त्याला चालला.

स्तोत्र 88 काढून वाच. उपासनेत ते कुणी वाचायला घेतल्याचं मला आठवत नाही. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत रडता रडता कुठेतरी भरवशाचा सूर येतो. याच्यात येत नाही, ते अंधारातच संपतं. तरी शास्त्रातून ते कुणी काढून टाकलं नाही. स्वतःचे शब्द सुचत नसतील तेव्हा त्या माणसाचे घ्यावेत.

बाहत्तरच्या दुष्काळाचं तुला नानांनी किती सांगितलं कोण जाणे. मी तेव्हा दहा वर्षांचा. चर्चच्या सगळ्या मंडळीने पावसासाठी उपास धरला, पाळकसाहेब उन्हात गुडघ्यावर बसले, पाऊस काही आला नाही. नाना आणि आजी खडी फोडायला जायचे, मी पाण्याची कळशी घेऊन मागे. सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, ती अमेरिकेहून आलेली ज्वारी. त्याच्या लालसर भाकरीचा वास अजून नाकात आहे. संध्याकाळी नाना प्रभूची प्रार्थना म्हणायचे आणि "आमची रोजची भाकर" इथे आले की थांबायचे. इतके थांबायचे की आम्हा पोरांना वाटायचं, झोपले. एकदा मी विचारलंच, देव ऐकत नाही का? ते म्हणाले, "त्यो ऐकतो का न्हाई त्यालाच ठावं. म्या बोलायचं सोडणार न्हाई." मला तेव्हा ते उत्तर वाटलंच नव्हतं. पण त्या वर्षानंतर आपल्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही, यावरून आजी त्यांच्याशी जन्मभर भांडली हे तू स्वतः पाहिलंयस.

तू दौंडवरून पुण्याला जातेस तेव्हा वाटेत केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ गेला, नवरा लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत गेला. 1896-97 च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन परतल्या. भूक त्यांनी स्वतः काढलेली होती, कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. 1921 साली त्यांची मुलगी मनोरमाही गेली, एकुलती एक. मी हे तुला... बघ, झाली माझी शब्बाथशाळा सुरू. माफ कर. छत्तीस वर्षं वर्गात बोलून ही खोड जात नाही. आणि एकुलत्या एका मुलीचं नाव काढायला नको होतं, लिहिल्यावर माझाच हात थांबला.

रूममेटचा नंबर मला पाठवून ठेव. सहजच.

त्या रात्री पाळी संपल्यावरही तू त्या आईजवळ बसून राहिलीस, हे तू मला सांगितलं नाहीस, आईला सांगितलंस. तिने मला सांगितलं आणि मी गच्चीवर जाऊन टाकी भरली का ते बघून आलो. टाकी भरलेलीच होती. ते बसणं म्हणजेच प्रार्थना, असं पाळकसाहेब म्हणतील. मी म्हणणार नाही. तुला तेव्हा देव आठवलाही नसेल, आणि तसं असलं तर तसंच राहू दे. मी मात्र रोज रात्री आठला, तुझी पाळी लागते तेव्हा, तुझं नाव घेतो. तुझ्या वाटचंही सध्या मीच बोलतो. तुला जमेल तेव्हा तू बोल, भांडायचं असेल तर भांड.

देवळात जा असं मी म्हणत नाही. जेवण मात्र डब्यातलं पूर्ण खात जा, कॅन्टीनच्या चहावर रात्र काढू नकोस. आणि एकटी राहू नकोस गं.

शनिवारी सकाळच्या गाडीने आई येतेय. शेंगदाण्याची चटणी आणि नानांची घोंगडी घेऊन. तुला सांगायचं नाही असं तिने मला बजावलंय, तेव्हा दार उघडल्यावर जरा दचकल्यासारखं कर.

तुझा,
पप्पा