गिअर लिव्हरला वेल्डिंगचा टाका नको

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की दुचाकीच्या देखभालीची चर्चा सुरू होते. टायरची झीज, ब्रेक, चेन, दिवे यांविषयी पुष्कळ सांगितले जाते. पण डाव्या पायाखालचा गिअर लिव्हर सैल झाला तर काय करावे, याचा उल्लेख सहसा होत नाही. (जुन्या बुलेटचे मालक ‘उजव्या पायाखालचा’ म्हणतील आणि तेही बरोबरच आहे.) परिणामी या किरकोळ वाटणाऱ्या दोषावर आपल्याकडे एकच उपाय रूढ झाला आहे, तो म्हणजे लिव्हर शाफ्टला वेल्डिंगने कायमचा चिकटवून टाकणे. ही पद्धत थांबावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गिअर शाफ्टचे टोक इंजिनातून बाहेर येते आणि त्यावर बारीक दाते असतात. लिव्हरच्या भोकातही तसेच दाते असून त्या भोकाला एका बाजूने चीर दिलेली असते. चिरेतून आडवा जाणारा बोल्ट आवळला की चीर मिटत येते आणि दात्यांवर पकड बसते. बहुतेक गाड्यांत हा बोल्ट 6 मिलिमीटरचा असून त्याला दहा नंबरचा पाना लागतो. एक सिलिंडरच्या इंजिनाची थरथर आणि टाचेने गिअर दाबण्याची सवय यांमुळे तो हळूहळू ढिला होतो. त्याच वेळी तो आवळला तर प्रश्न दोन मिनिटांत मिटतो. परंतु गिअर पडत आहेत तोवर स्वार तशीच गाडी चालवीत राहतो, प्रत्येक दाबासरशी लिव्हर शाफ्टवर थोडा घसरतो, दाते खरवडले जातात आणि मग कितीही आवळले तरी पकड येत नाही. बहुधा आधी लिव्हरचे दाते जातात, शाफ्टचे नंतर. म्हणून वेळीच लक्ष दिले तर शाफ्ट वाचतो.

दोष नेमका कोठे आहे, हे पाहण्यासाठी गॅरेजची गरज नाही. इंजिन बंद ठेवून लिव्हरचे टोक हाताने वर-खाली हलवावे आणि नजर शाफ्टच्या टोकावर ठेवावी. लिव्हर हलतो पण शाफ्ट जागचा हलत नाही, तर पकड सैल आहे. दोन्ही एकत्र फिरत असतील, तर गिअर पडण्यापूर्वीचा थोडा खेळ स्वाभाविकच असतो. तो फार वाढला असेल, तर कारण इंजिनाच्या आत शोधावे लागते. शंका राहिल्यास लिव्हर आणि शाफ्टचे टोक यांवरून खडूची एक सरळ रेघ ओढावी, चार दिवस गाडी चालवावी आणि रेघ तुटली आहे का ते पाहावे. ज्या गाड्यांत लिव्हर आणि शाफ्ट यांच्यामध्ये जोडदांडी असते, त्यांत दांडीच्या दोन्ही टोकांचे चेक नट (दांडी फिरू नये म्हणून आवळलेले नट) आणि सांध्यांची झीजही तपासावी. अशा बऱ्याच दांड्यांच्या एका टोकाला उलटे आटे असतात, हे ठाऊक नसलेला मनुष्य नट सोडवताना तोच अधिक आवळून बसतो.

लिव्हर काढताना बोल्ट केवळ सैल न करता पूर्ण बाहेर काढावा. अनेक गाड्यांत शाफ्टला आडवी खाच असते आणि बोल्ट तिच्यातून जातो. तो अर्धवट ठेवून लिव्हरवर हातोडी चालवली तर खाच आणि बोल्ट दोन्ही बिघडतात. दाते रॉकेल आणि तारेच्या ब्रशने साफ केल्याशिवाय झिजेचा अंदाज येत नाही, कारण चिखल आणि वंगणाचा थर झीज झाकून टाकतो. दाते शाबूत असतील तर लिव्हर योग्य कोनात बसवावा, बोल्टच्या आट्यांना निळे थ्रेड लॉकर (थरथरीने बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावावे आणि बोल्ट साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटर इतकाच आवळावा. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. बोल्टही चांगला हवा. ज्याच्या डोक्यावर 8.8 असा आकडा कोरलेला असतो तो टिकतो, हार्डवेअरच्या दुकानातील बिनआकड्याचा मऊ बोल्ट ताणला जातो आणि पुन्हा ढिला होतो.

चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या असतील, तर आणखी आवळण्यात अर्थ नसतो. त्याने बोल्ट तुटतो, पकड वाढत नाही. करवतीचे पाते चिरेतून फिरवून ती किंचित रुंद केली की काही काळ काम भागते, पण ही तात्पुरती सोय आहे. खरा इलाज नवा लिव्हर, आणि रोजच्या वापरातील साध्या गाडीसाठी तो काही शंभर रुपयांत मिळतो. लिव्हरमधील आटे गेले असतील तर भोक मोठे करून 8 मिलिमीटरचा बोल्ट ठोकण्याचा मोह गॅरेजवाल्यांना होतो. तो शाफ्टच्या खाचेत नीट बसत नाही. 6 मिलिमीटरचाच लांब बोल्ट घालून मागून नट लावणे त्यापेक्षा बरे.

आता वेल्डिंगविषयी. शाफ्ट जेथे इंजिनातून बाहेर येतो तेथेच त्याचे रबरी ऑइल सील असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते करपते आणि काही दिवसांत ऑइल गळू लागते. ते सील बदलायचे तर आधी लिव्हर निघायला हवा, आणि लिव्हर तर चिकटवलेला. अनेक गाड्यांत पुढच्या स्प्रॉकेटचे झाकण काढण्यासाठीही लिव्हर काढावा लागतो, त्यामुळे चेन-स्प्रॉकेट बदलण्याच्या साध्या कामात ग्राइंडर चालवण्याची वेळ येते आणि दाते उरलेले असले तरी तेही त्यात जातात. गाडी डाव्या अंगावर पडली की लिव्हर वाकावा किंवा घसरावा. तो शाफ्टशी एकजीव झाला असेल तर आघात थेट शाफ्टवर जातो. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर बहुसंख्य मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आला आहे. बॅटरीची जोडणी न सोडवता अशा गाडीवर इलेक्ट्रिक वेल्डिंग करणे म्हणजे काहीशे रुपये वाचवताना हजारोंचा भाग पणाला लावणे होय.

वेल्डिंगचे समर्थन करताना ‘नाहीतर पूर्ण इंजिन खोलावे लागेल’ असे सांगितले जाते. हे बहुतेक साध्या गाड्यांच्या बाबतीत खरे नाही. शाफ्ट बदलायचाच झाला तर ऑइल काढून उजवीकडचे कव्हर आणि क्लच उतरवला की तो बाहेर येतो. क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य पेटीचे, दोन भाग वेगळे करावे लागत नाहीत. आमच्या शेजारच्या एका दूधवाल्याला एका सर्व्हिस सेंटरने याच भीतीपोटी वेल्डिंगला संमती द्यायला लावली होती, आणि त्याच्या गाडीत तर शाफ्टचे दाते धड होते.

सैल लिव्हरची खरी परीक्षा घाटात होते. कुंभार्ली घाट चिपळूणच्या बाजूने उतरताना दुसऱ्या गिअरच्या आधारावर वेग आवरावा लागतो. तेथे लिव्हर शाफ्टवर नुसता फिरला आणि गिअर पडलाच नाही, तर गाडी वरच्याच गिअरमध्ये राहते, इंजिनाचा आधार कमी पडतो आणि जास्तीचा भार ब्रेकवर येतो. खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्या अवधीत सक्तीची तपासणी होते ती पीयूसीची आणि तीत फक्त धूर पाहिला जातो. लिव्हरकडे पाहणारा उरतो तो केवळ मेकॅनिक.

म्हणून दुचाकी कंपन्यांना विनंती आहे की, नियमित सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डावर गिअर लिव्हरच्या बोल्टची स्वतंत्र नोंद असावी आणि मराठी पुस्तिकेत तो किती आवळावा याचा आकडा छापलेला असावा. आयटीआयमधील मेकॅनिक मोटर व्हेईकलच्या प्रात्यक्षिकांत क्लच आणि गिअरबॉक्स शिकवले जातात, त्यातच हा जोड वेल्डिंगविना दुरुस्त करण्याचे एक प्रात्यक्षिक सहज बसेल. त्यासाठी लागणारे झिजलेले लिव्हर कोणत्याही गॅरेजच्या भंगारात फुकट मिळतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, कराड