ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मनातलंही विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांत सर्जिकल वॉर्डात माझी सारी नोकरी गेली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रक्ताचे रिपोर्ट लागतात, संमतिपत्रावर सही नाहीतर अंगठा होतो, रात्रीपासून उपाशी राहायला सांगितलं जातं. रुग्णाच्या जिवाला काय लागून राहिलंय, हे मात्र कुणी विचारत नाही.

अहमदपूरकडचे एक आबा हर्नियासाठी आले होते. पिढीजात वारकरी. थिएटरात नेताना त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ काढून सुनेकडे दिली गेली. ऑपरेशन झालं, संध्याकाळी चहा द्यायला परवानगी मिळाली, पण आबा तोंड उघडेनात. "गळ्यात माळ नाही, पाणी कसं घिऊ माय?" सून तर माळ पिशवीत घेऊन गावी गेलेली. ती रात्र सलाईनवर काढली. अंगावर धातू असला तर कॉटरीनं, म्हणजे रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणानं, भाजायची भीती असते, म्हणून मंगळसूत्र, जोडवी काढावीच लागतात. ते बरोबरच आहे. पण तुळशीचे मणी लाकडाचे. भूलतज्ज्ञांना विचारून ती माळ गॉजमध्ये गुंडाळून मनगटाला बांधता आली असती. निदान उशाशी तरी ठेवता आली असती.

मधुमेहानं सडलेला पाय कापायचा असलेल्या एका चाचांनी, आसपास कुणी नाही असं बघून मला विचारलं, "सिस्टर, माझ्या पायाचं काय करणार?" त्यांना तो दफन व्हायला हवा होता. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे कापलेला अवयव पिवळ्या पिशवीत जातो आणि बहुतेक वेळा जाळला जातो. साखर किती, रक्त किती, हे त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. हे कुणी सांगितलं नव्हतं.

गर्भपिशवी काढायला आलेल्या बाया तर हळूच विचारतात, "पिशवी गेल्यावर तुळजापूरला ओटी भरलेली चालंल का?" कुणी म्हणते, कुणाचं वाईट केलं म्हणून हे भोग आले. त्यावर "काही होत नाही, घाबरू नका" एवढंच उत्तर मिळतं. ही काही अडाणीपणाची भीती नव्हे. परिचर्येच्या, म्हणजे नर्सिंगच्या, निदानांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आध्यात्मिक व्यथा १९७८ पासून आहे, नर्सिंग शिकणाऱ्या आमच्या मुली ती परीक्षेसाठी पाठ करतात आणि वॉर्डात आल्यावर ती विचारायला त्यांना उसंत मिळत नाही. एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असतो, हेही खरं आहे.

म्हणून आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे. संमतिपत्राच्या वेळीच रुग्णाला, नातेवाइकांना बाजूला ठेवून, दोन गोष्टी विचाराव्यात: माळ, ताईत, नमाज, पूजा यांतलं काय सांभाळायचंय, आणि मनाला काय खातंय. उत्तर केसपेपरवर लिहून सर्जन आणि भूलतज्ज्ञांपर्यंत पोचवावं. समाजसेवा अधीक्षकांचं पद याच कामाचं आहे, ते जिथं रिकामं असेल तिथं आधी भरावं. आणि गावचे महाराज किंवा मौलाना भेटायला आले, तर भेटीची वेळ संपली म्हणून त्यांना गेटवरून परत पाठवू नये.

– एक सेवानिवृत्त अधिपरिचारिका, लातूर