विषय: तुमच्या बुकिंग सॉफ्टवेअरमधली टूलची वर्णने, आणि कालचा फोन

प्रति,
व्यवस्थापन, उत्पादन विभाग

आमचे तक्रारीचे तिकीट काल चौथ्यांदा 'निवारण झाले' म्हणून बंद केलेत. पाचवे उघडत नाही, थेट तुम्हालाच लिहितो.

तुमचा एमसीपी सर्व्हर (एआयला तुमच्या सॉफ्टवेअरमधली कामे करू देणारा दुवा) चवथीआधी आमच्या एजंटला, म्हणजे बुकिंग सांभाळणाऱ्या एआय सहाय्यकाला, जोडला. त्यात 'गेट_रूम', 'फेच_रूम' आणि 'रूम_डेटा' अशी तीन टूल्स आहेत आणि तिन्हींचे वर्णन एकच: 'खोलीची माहिती देते.' प्रत्यक्षात पहिले दर देते, दुसरे रिकाम्या खोल्या दाखवते, तिसरे खोली साफ झाली की नाही ते सांगते. हे तिन्ही हाताने चालवून पाहिल्यावर कळले. टूल निवडताना एजंटच्या हाती नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा (कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची त्याची यादी) एवढेच असते. तुमच्या कचेरीत चहाला येऊन त्याला विचारता येत नाही.

तारखेचे बघा. स्कीमात लिहिले आहे 'चेक_इन: स्ट्रिंग', म्हणजे कोणताही मजकूर चालेल. संपले. पाहुण्याने मेसेजमध्ये 05/12 लिहिले, एजंटने तेच पुढे पाठवले, सर्व्हरने महिना आधी वाचला आणि कळंगुटची 5 डिसेंबरची खोली 12 मेला जाऊन बसली. तारीख 13/12 असती तर तेरावा महिना नसल्यामुळे निदान एरर तरी आला असता. 12 तारखेपर्यंत मात्र सगळे गुपचूप चुकते. शिवाय वेळ यूटीसीत (आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे) धरता, हेही कुठे लिहिलेले नाही. मोपा विमानतळावर रात्री दोनला उतरणाऱ्याचे चेक-इन त्यामुळे आदल्या दिवशी पडते.

पैशांचे तेच. 'क्रिएट_बुकिंग' रक्कम रुपयांत घेते, 'रिफंड' पैशांत, म्हणजे रुपयाच्या शंभराव्या भागात. दोन्हीकडे वर्णन 'अमाउंट: नंबर'. एजंटने 6800 पाठवले, पाहुण्याला 68 रुपये परत गेले. रक्कम जीएसटी धरून की सोडून, तेही नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के कर आहे, हे हॉटेलांना सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना आम्ही सांगायचे का?

सर्वांत घातक 'मॅनेज_बुकिंग'. बुकिंग रद्द करण्याची सोय याच्या पोटात, आणि त्यावर तुम्ही 'रीडओन्लीहिंट' खरे ठेवले आहे! म्हणजे 'हे टूल फक्त वाचते, बदल काही करत नाही.' साहजिकच आमच्या क्लायंटने माणसाला न विचारता ते चालवू दिले. बिघाड झाला तरी उत्तर 200, म्हणजे 'सगळे ठीक' असा कोड, आणि मजकूर 'काहीतरी चुकले'. 'इझएरर' ही चुकीची खूण लावत नाही, त्यामुळे एजंट काम झाले असे समजून पुढे जातो. टाइमआउट झालाच, म्हणजे उत्तर वेळेत आले नाही, तर तो पुन्हा पाठवतो, आणि आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती दुसऱ्यांदा आली हे ओळखणारा क्रमांक) घेण्याची सोय नसल्याने एका पाहुण्याच्या नावावर तीन खोल्या लागतात.

आता कालचा फोन. 38 मिनिटे, त्यातली 21 होल्डवरची बासरी. मग तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, डॉक्युमेंटेशनचा व्हिडिओ आहे ना."
"एजंट व्हिडिओ बघत नाही. टूलचे वर्णन वाचतो."
"मग सर, तुम्ही बघा आणि त्याला सांगा. प्रॉम्प्टमध्ये 'काळजीपूर्वक काम कर' असं टाका."
तारीख कोणत्या क्रमाने द्यायची, एवढेच विचारले. सहा मिनिटे पुन्हा बासरी. उत्तर आले, "सर, दिवस आधी किंवा महिना आधी, दोन्ही चालतं." दोन्ही चालते हेच तर दुखणे आहे, हे समजावू लागलो तर म्हणाले, "गोव्याहून बोलताय ना सर? मग टेन्शन कशाला, सुशेगाद!"

नाताळ तोंडावर आहे. सुशेगाद, म्हणजे निवांत, कोण आहे ते तिकिटांच्या तारखा बघून ठरवा. त्या तरी एकाच क्रमाने लिहिल्या असतील अशी आशा आहे.

नमुना फुकट देतो, जसाच्या तसा उचला: 'बुकिंग कायमचे रद्द करते, परत आणता येत नाही. फक्त तारीख बदलायची असेल तर हे वापरू नका, "बदल_बुकिंग" वापरा. बुकिंग_क्रमांक: "शोध_बुकिंग"मधून मिळालेला, पाहुण्याचे नाव नव्हे. कारण: "पाहुणा", "हॉटेल", "दुबार" यांपैकी एकच. रिफंड आपोआप होत नाही.' आणि एरर असा: 'चेक_आउट हे चेक_इननंतरचे हवे, मिळाले 2026-12-04.' असे वाचले की एजंट दुसऱ्या खेपेला स्वतःच दुरुस्ती करतो. एका टूलला पंधरा मिनिटे लागतात. तुमच्या बासरीपेक्षा कमी.

'रीडओन्लीहिंट' आजच्या आज काढा. तारीख आणि रक्कम यांची वर्णने आठ दिवसांत हवीत. नाहीतर आमच्या चारही हॉटेलांसाठी तुमच्या सॉफ्टवेअरच्या कराराचे नूतनीकरण होणार नाही; सगळा डेटा सीएसव्हीत काढून ठेवला आहे. तुमचे बिलिंग चांगले म्हणून इतरांनाही हेच घ्या असे सांगत आलो, त्याचे आता वाईट वाटते.

आयटी विभाग, म्हापसा

ता. क. उत्तरावर तारीख घालाल तेव्हा आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.