दहा-सी भरण्याआधी आकडेमोड करा

महोदय,

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींत कंत्राट संपलं की पीएफचा फॉर्म १९ आणि सोबत १०-सीही भरून मोकळं व्हायचं, असा शिरस्ताच पडला आहे. हे दोन पैसे वेगळे आहेत. १९ ने पीएफ मिळतो, १०-सी ने पेन्शनचा हिस्सा.

१५,००० पगारावर मालक पेन्शन खात्यात महिन्याला १,२५० भरतो. आठ वर्षांत १,२०,००० जमतात. काढायला गेलात तर पेन्शन योजनेच्या तक्त्यात आठ वर्षांना गुणक ८.२२, तो पगाराला लावला की हातात १,२३,३००. आठ वर्षांचं व्याज अवघं ३,३०० रुपये! पोस्टातली ठेवही यापेक्षा बरी.

त्याऐवजी १०-सी मध्येच स्कीम सर्टिफिकेटचा (पैसे न काढता जुनी सेवा राखून ठेवणाऱ्या दाखल्याचा) पर्याय निवडा, किंवा नव्या नोकरीत जुनी सेवा जोडून घ्या. एकूण दहा वर्षं भरली की ५८ व्या वर्षापासून हयातभर पेन्शन, पुढे पत्नीलाही. चौदा वर्षांची सेवा असेल तर योजनेच्या सूत्राने १५,००० गुणिले १४ भागिले ७०, म्हणजे महिना ३,०००. रक्कम तुटपुंजीच, मान्य. पन्नाशीनंतर लवकरही घेता येतं, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितके चार-चार टक्के कपात.

गाडं अडतं ते सेवा जोडताना. कंत्राटदार नोकरी सोडल्याची तारीखच भरत नाही, किंवा आधारवरचं नाव नि पीएफवरचं नाव जुळत नाही. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तारीख पीएफच्या पोर्टलवर स्वतःच टाकता येते. नवा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) मात्र काढू नका, जुनाच द्या.

एक वाचक, छत्रपती संभाजीनगर