श्रावण पाळला म्हणजे व्यसन नाही, असे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आषाढ संपत आला की वृत्तपत्रांत दोन प्रकारचा मजकूर हमखास दिसतो. एकीकडे गटारीच्या गर्दीची छायाचित्रे आणि 'तळीरामां'वरचे गमतीदार मथळे, तर दुसरीकडे श्रावणाच्या निमित्ताने दारू सोडण्याचे आवाहन. दोन्हींत गृहीत एकच असते: पिणारे सगळे एकाच माळेचे मणी. व्यसनमुक्तीच्या कामात असल्यामुळे या गैरसमजाची किंमत आम्हाला रोज दिसते. ज्याला नुसत्या समजुतीच्या बोलण्याने आवर घालता आला असता, त्याच्याशी वेळेत कोणी बोलत नाही. ज्याला औषधोपचारांची गरज आहे, त्याला मात्र 'उद्यापासून थेंबही नाही' अशी शपथ घालून घरात बसवले जाते. या दुसऱ्या चुकीत माणूस दगावू शकतो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाखांचे पिणे मदत लागावी इतके पुढे गेले आहे, आणि त्यातले २ कोटी ९० लाख दारूवर अवलंबून आहेत. म्हणजे पिणे त्रासाचे झाले आहे, पण अवलंबित्व आलेले नाही, असा जवळजवळ तेवढाच मोठा गट मध्ये उरतो. आपल्या बोलण्यात 'कधीमधी घेतो' आहे आणि 'बेवडा' आहे. मधल्या माणसाला शब्दच नाही. शब्द नाही म्हणून तो स्वतःला पहिल्या गटात धरतो, आणि दुसऱ्या गटात जाईपर्यंत घरचेही गप्प राहतात.

आधी मापाविषयी, कारण 'किती घेता?' याचे खरे उत्तर क्वचितच मिळते. दरवेळी माणूस खोटे बोलतो असे नाही. त्याने मोजलेलेच नसते. १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. व्हिस्की-रमच्या लेबलवर बहुधा ४२.८ टक्के असे छापलेले असते. त्याचा ३० मिलीचा पेग म्हणजे एक युनिट. या हिशेबाने नाइंटी म्हणजे तीन युनिट, १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा आणि ७५० मिलीचा खंबा म्हणजे पंचवीस. बिअरच्या बाबतीत मोठी फसगत होते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत चार युनिट असतात. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्याने अशा दोन बाटल्या संपवल्या, तर क्वार्टर घेणाऱ्यापेक्षा त्याच्या पोटात जास्त अल्कोहोल गेलेले असते. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक म्हणजे अतिमद्यपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. ती बरोबर एका क्वार्टरला लागू होते. घरी अंदाजाने ओतलेला 'स्मॉल' एकदा मापाने मोजून पाहावा, तो बहुधा दीड-दोन पेगांचा निघतो. ग्लास रिकामा होण्याआधीच मित्राने पुन्हा भरला, तर मोजणीचा प्रश्नच मिटतो. हातभट्टीला तर हे गणित लावताच येत नाही. तिच्यात किती अल्कोहोल आहे आणि मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल आहे की काय, हे पिणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

यकृत साधारण तासाला एक युनिट निकाली काढते. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. रात्री अकरापर्यंत क्वार्टर संपवून पहाटे गाडी काढणाऱ्याच्या रक्तात कायद्याने ठरवलेल्या मर्यादेएवढे, म्हणजे १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम, अल्कोहोल तेव्हाही असू शकते.

अधूनमधून घेणाऱ्या माणसाची खूण अगदी साधी असते: तो अर्धा ग्लास टेबलावर ठेवून घरी जाऊ शकतो. दारू नसेल तर त्याची संध्याकाळ बिघडत नाही, आणि नको म्हणताना त्याला सबब सांगावी लागत नाही. हे पिणे निर्धोक आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. अल्कोहोलयुक्त पेये १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे सिद्ध झालेल्या, गटात आहेत, आणि त्यासाठी माणूस व्यसनी असावा लागत नाही.

मधला माणूस रोज पीत नसतो, हेच त्याचे नेहमीचे उत्तर असते. तो शनिवारी बसतो, पण बसला की क्वार्टरच्या खाली उठत नाही. सोमवारी दांडी पडते, बैठकीत भांडण होते, गाडी स्वतःच चालवत आणली जाते. 'रात्री घरी कसा आलो ते आठवत नाही' हे हसत सांगितले जाते. तो ब्लॅकआउट असतो. माणूस शुद्धीवर असतो, बोलत-चालत असतो, पण मेंदू आठवण साठवत नसतो. पोटात जळजळ, रक्तदाब आटोक्यात न येणे, स्वादुपिंडाला सूज, पगारातून उसनवारी हेही याच पायरीवर सुरू होते. सकाळी हात मात्र थरथरत नाहीत. म्हणून घरच्यांना वाटते, अजून काही बिघडलेले नाही.

खरे तर मदत सर्वांत सोपी इथेच असते. फॅमिली डॉक्टरने पाच ते पंधरा मिनिटे शांतपणे, न दटावता केलेली विचारपूस पुष्कळांना पुरते. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, तिचे गुण ० ते ४० असतात. आठ गुणांपासून धोक्याचे पिणे सुरू होते. वीस किंवा अधिक गुण आले तर अवलंबित्वाची तपासणी करून घ्यायलाच हवी. रक्तदाब मोजावा इतक्या सहजपणे ही प्रश्नावली प्रत्येक दवाखान्यात भरून घेतली गेली पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

अवलंबित्व ठरवताना डॉक्टर सहा गोष्टी पाहतात. त्यांतल्या तीन किंवा अधिक गेल्या वर्षभरात एकत्र दिसल्या तर निदान होते. दारूची तलफ, जी कामात असतानाही डोक्यातून जात नाही. ताबा सुटणे: 'दोनच' म्हणून बसायचे आणि दुकान बंद होईपर्यंत थांबायचे. पूर्वी नाइंटीत जे व्हायचे त्याला आता क्वार्टर लागणे. दारू न मिळाल्यास हात थरथरणे, घाम, मळमळ, झोप उडणे. इतर आवडी, नाती, कामे मागे पडत जाणे. आणि डॉक्टरने यकृताचा रिपोर्ट दाखवल्यावरही पिणे चालूच राहणे.

यातल्या तिसऱ्या गोष्टीबद्दल अधिक बोलायला हवे. 'याला चढतच नाही' हे आपल्याकडे कौतुकाने म्हटले जाते. प्रत्यक्षात मेंदूने दारूशी जुळवून घेतल्याची ती खूण असते. पुढे यकृत निकामी होऊ लागले की हाच माणूस थोडक्यात झिंगतो, आणि घरच्यांना वाटते, पिणे कमी झाले. सकाळचा 'उतारा' तर सर्वांत स्पष्ट खूण आहे. थरथर थांबवायला जो दारू घेतो, तो मजेसाठी पीत नसतो. त्याच्यासाठी ती औषधाचा डोस झालेली असते. ब्रँड महाग आहे, नोकरी शाबूत आहे, यकृताची चाचणी नॉर्मल आली आहे, यांपैकी कशानेही अवलंबित्व नाही असे सिद्ध होत नाही.

आता श्रावणाविषयी. 'मी अख्खा श्रावण शिवत नाही, मग मी व्यसनी कसा?' हा युक्तिवाद प्रामाणिक असतो, पण अपुरा. महिनाभर न पिता राहता येते का, एवढेच श्रावणातून कळते. पहिल्या पेगनंतर थांबता येते का, हे त्यातून कळत नाही, आणि ताबा सुटणे म्हणजे नेमके तेच. अवलंबून असलेल्या कित्येकांना पूर्ण बंद ठेवणे जमते. दोनवर थांबणे जमत नाही. म्हणून श्रावणाचा खरा अर्थ त्याच्या दोन टोकांना शोधावा. पहिले तीन दिवस कसे गेले? झोप लागली का, घाम फुटला का, चिडचिड किती झाली? आणि महिना संपल्यावर पहिल्या बैठकीत किती गेली? महिनाभराची कसर दोन दिवसांत भरून निघत असेल, तर त्या उपवासाने व्यसन लपवलेले असते.

ज्याला सकाळी थरथर होत नाही, कधी फिट आलेली नाही, यकृताचा आजार नाही, झोपेच्या गोळ्या चालू नाहीत, त्याने याहून चांगली परीक्षा घ्यावी. चार आठवडे आधीच ठरवलेली मर्यादा पाळायची. उदाहरणार्थ, बसायचे दिवस आठवड्यात दोनच आणि त्या दिवशी दोन युनिटच्या वर नाही. पेग मापाने ओतायचा, जेवण आधी घ्यायचे, ग्लास पूर्ण संपल्याशिवाय भरू द्यायचा नाही, प्रत्येक युनिट कॅलेंडरवर लिहायचे. हे आकडे सुरक्षिततेची हमी म्हणून दिलेले नाहीत. आपण आखलेली रेषा आपल्यालाच पाळता येते का, हे बघण्यासाठी आहेत. स्वतः ठरवलेली मर्यादा वारंवार मोडत असेल, तर समुपदेशकाकडे जाण्याची वेळ आली आहे, आणि पुढचे ध्येय बहुधा कमी पिण्याचे नसून पूर्ण बंद करण्याचे असते.

जो रोज भरपूर पितो, सकाळी उतारा घेतो, त्याने मात्र अमावास्येच्या रात्री शेवटचा ग्लास ठेवून घरच्या घरी एकदम सोडू नये. व्यसनमुक्ती केंद्रांत ज्याला 'टर्की' म्हणतात, ती सहा ते चोवीस तासांत सुरू होते: थरथर, घाम, उलट्या, छातीत धडधड. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो. ताप येतो, दिवस-रात्रीचे भान जाते, भिंतीवर किडे दिसतात, माणूस नसलेल्या लोकांशी बोलतो. श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी हे घडले की 'बाहेरचे काहीतरी लागले' म्हणून मांत्रिकाकडे नेले जाते, आणि उपचारांचे मोलाचे तास वाया जातात. उपचार न मिळाल्यास यात मृत्यू येऊ शकतो. फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. डॉक्टरकडे नेईपर्यंत दारू हिसकावून खोलीत कोंडू नये, पण नेण्याला दुसरा दिवसही उजाडू देऊ नये.

उपचार अवघड नाहीत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम गटातली शामक औषधे पुरेशा मात्रेत सुरू करून साधारण आठवडाभरात उतरवत आणतात. यकृत खराब असेल तर लोराझेपाम निवडतात. हीच औषधे दुकानातून आणून घरी दिली, तर दारूसोबत श्वास मंदावण्याचा धोका असतो, शिवाय दुसरे व्यसन लागते. आणखी एक चूक दवाखान्यांतही होते. आठवडेच्या आठवडे नीट न जेवलेल्या माणसाला अशक्तपणासाठी थेट ग्लुकोजचे सलाइन लावले जाते. त्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, उरलेले नसते. ते आधी न देता ग्लुकोज दिले, तर तोल जाणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे, भ्रम होणे आणि पुढे स्मृती कायमची जाणे इथपर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून 'हे रोज पितात, आधी बी-१ द्या' एवढे वाक्य नातेवाइकांनी डॉक्टरांना न लाजता सांगावे. हाड मोडून ऑपरेशनसाठी दाखल झालेल्या माणसाच्या पिण्याचा खरा आकडाही असाच सांगावा. वॉर्डात तिसऱ्या दिवशी बरळू लागणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत ही माहिती कोणी दिलेलीच नसते.

शेवटी आपल्याला दोन विनंत्या. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा छोट्या जाहिराती कृपया छापू नयेत. अशा नावाखाली जेवणात मिसळण्याच्या पुड्यांत डायसल्फिरॅम असू शकते. हे चांगले औषध आहे, पण ते घेणाऱ्याला माहीत असेल तरच. ते पोटात असताना दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयरोग्याच्या जिवावर बेतते. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. संमतीने देता येण्याजोगी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधेही उपलब्ध आहेत. मारहाण करून उचलून नेणाऱ्या 'केंद्रां'च्या जाहिरातींनाही हेच लागू आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या गैरवापराशी निगडित विकार येतात, आणि रुग्णाचे हक्कही.

दुसरी विनंती अशी की, गटारीच्या बातमीशेजारी एक चौकट द्यावी. नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, दोन्ही मोफत. वर उल्लेखलेल्या अहवालात अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलीतरी मदत मिळाल्याचे नोंदवले आहे. त्या चौकटीत एक ओळ ठळक अक्षरांत असावी: रोज सकाळी हात थरथरत असतील, तर आधी डॉक्टर, मग श्रावण.

आपले,
व्यसनमुक्ती क्षेत्रात काम करणारे डॉक्टर व समुपदेशक